शेवटच्याने खुणा पुसायच्या

पथकातली पोरं तिला शेपूटताई म्हणायची. तोंडावर म्हणायची त्यांची छाती नव्हती, पण म्हटलं असतं तरी तिने मनाला लावून घेतलं नसतं. सत्तावीस वर्षं ती स्काउट पथकाबरोबर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावाबाहेरच्या टेकड्यांवर जात होती, आणि एवढ्या वर्षांत तिला रांगेच्या पुढे किंवा मध्ये चालताना कोणी पाहिलं नव्हतं. बाई कायम शेवटी. पाठीवर विटकी खाकी पिशवी, गळ्यात शिट्टी, आणि चार पावलं चालली की मान मागे.

"ताई, मागे कोण येतंय?" एखादं आगाऊ कार्टं विचारायचंच.

"कोणी नाही. तू पुढे बघ," ती म्हणायची, आणि स्वतः परत मागे बघायची.

अठ्ठावन्न वर्षांची बाई. गुडघे चढावर कुरकुरायचे, उतारावर बोंब मारायचे. दुसरी कोणी असती तर पायथ्याशी सावलीत बसून मुलांच्या डब्यांची राखण करत राहिली असती. ही मात्र चढायची. ओढ्यावर दोराचा पूल बांधायचा असो, पावसात ओल्या लाकडांवर चूल पेटवायची असो, दोन काठ्या आणि एका चादरीची डोली करून "जखमी" माणसाला खाली आणायचं असो, सगळं ती शिकवायची. जखमी व्हायला सगळेच तयार असत, डोली उचलायला कोणी नाही. तेव्हा तिचा आवाज चढायचा आणि मग सगळे एकदम बरे व्हायचे. मुलांना ती आवडायची. फक्त एका बाबतीत ती विक्षिप्त आहे, यावर लहानथोर सगळ्यांचं एकमत होतं.

ती बाब म्हणजे माग काढायचा खेळ. पुढची तुकडी वाटेत खुणा ठेवत जाते आणि मागच्या तुकड्या त्या वाचत येतात. तीन दगडांचा बाण म्हणजे इकडे चला. दोन काटक्यांची फुली म्हणजे इकडे येऊ नका. गवताचा जुडगा बांधून डावीकडे वाकवला की डावीकडे वळा. या खेळाचा जुना नियम असा, की शेवटच्याने खुणा पुसायच्या. बाण पायाने विस्कटायचा, फुली उचलायची, गवत सोडायचं. मागाहून येणारा वाटसरू फसू नये आणि टेकडी होती तशी राहावी, म्हणून. नियम शहाणा आहे, त्यात खोट काढायला जागा नाही.

पण शेपूटताईच्या हाताखाली हा नियम चालत नसे. ती मुलांना खुणेला हात लावू द्यायची नाही. रविवारी ठेवलेल्या खुणा रात्रभर तशाच राहायच्या आणि सोमवारी उजाडल्यावर, कामावर जायच्या आधी, ती एकटी टेकडी चढून त्या काढायची. त्यातही वाट जिथे दोनांत फुटते त्या फाट्यापाशी ती आधी अर्धा तास नुसती दगडावर बसून राहायची आणि मगच तिथला बाण मोडायची. हे अर्थात कोणी पाहिलेलं नव्हतं.

सोमवारच्या त्या अर्ध्या तासात तिला पावलं ऐकू यायची. मोठ्या माणसाची नव्हेत, सैल बुटात घसरत येणारी. कधी खडा गडगडायचा. कधी "थांबा गं" असं कोणी म्हणायचं, धाप लागलेल्या बारीक आवाजात. ती उठून उभी राहायची, आणि वाट मोकळीच असायची. तिला भूतखेत वाटत नसे. आपण भुताला भ्यायचं, असं काही तिच्या स्वभावात नव्हतं. तिला वाटायची ती वेगळीच भीती, की एखाद्या सोमवारी खरंच कोणी येईल, आणि तोवर आपण बाण मोडून बसलेलो असू.

एरवी तिचा दिवस पाण्याच्या मीटरांत जायचा. पाणीपुरवठा खात्यात ती मीटर वाचायला होती. लोखंडी झाकण हुकाने उचलायचं, कोळिष्टकं बाजूला करायची, काचेवरची माती अंगठ्याने पुसायची, आकडा वहीत घ्यायचा, झाकण दणकन बंद. रोज सव्वाशे घरं. कुठल्या घरी कुत्रं सोडलेलं असतं, कुठल्या घरची सासू मीटर पळतो म्हणून भांडायला टपलेली असते, सगळं तिला तोंडपाठ. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. बायको आपल्याला कळली आहे असं तो समजायचा. "माझी बायको झोपेतसुद्धा मागे वळून बघते," तो पाहुण्यांना हसत सांगायचा. झोपेत ती कशाला वळते ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एवढी एक खोली कायम कुलपात राहिली.

खात्यात तिने एक गोष्ट चिकाटीने केली होती. कालव्यापलीकडची एक गल्ली तिच्या वाट्याला आली, की ती दुसऱ्या कोणाशी बदलून घ्यायची. बदल्यात दोन गल्ल्या जास्त घ्यायची, कुत्र्यांच्या घेते म्हणायची. सोबतचे लोक खूश. त्या गल्लीत तीन मजली इमारतीत सर्वात वर एक बाई राहत होती, आणि तिला तोंड दाखवायची हिंमत शेपूटताईला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत झाली नाही.

हे सगळं ज्या रविवारामुळे झालं, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

त्या काळी मुलींचं पथक वेगळं होतं. तीन तुकड्या, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सुटलेल्या. ही दुसऱ्या तुकडीत. हिला त्या वर्षी मागाचा बिल्ला हवा होता, आणि तो मिळेपर्यंत जेवण गोड लागत नव्हतं. वहीत सगळे नियम लिहून पाठ केलेले. तिसऱ्या तुकडीत एक दहा वर्षांची बारकी मुलगी होती. जाड भिंगांचा चष्मा लावायची म्हणून सगळ्या तिला चष्मिश म्हणायच्या. त्या दिवशी तिच्या डोळ्यांवर चष्माच नव्हता. काडी मोडली होती आणि दुकानदाराने सोमवारचा वायदा केला होता.

ओढ्यापाशी हिची तुकडी पाणी प्यायला थांबली, आणि तेवढ्यात तिसरी तुकडी आरडाओरडा करत त्यांना मागे टाकून पुढे निघून गेली. हिने हे पाहिलं आणि हिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या पुढे गेल्या, म्हणजे आता आपण शेवटच्या. आणि आपल्या तुकडीत शेवटी चालतेय मी. म्हणजे खुणा पुसायचं काम माझं. हे कोणाला सुचलं नाही, आपल्याला सुचलं, म्हणून ती मनातल्या मनात फुशारली. तिने कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बढाई कशाची मारणार होती? ओढ्यापासून पुढचा एकेक बाण तिने पायाने विस्कटला. फाट्यावरचा बाण मोठा होता, उजवीकडे वळवणारा. त्याचे दगड तिने झुडपांत लांब लांब फेकले. डाव्या वाटेवर फुली होती, ती उचलली. इतकं नीट काम तिने घरी झाडू मारतानासुद्धा कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या तुकडीतल्या मुली पुढे गेल्या होत्या ते खरं. पण सगळ्या नव्हत्या. चष्मिश मागे राहिली होती.

मुक्कामावर डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं. आधी हाका, मग शिट्ट्या, मग गावातून माणसं. टेकडीवर शेकडो पावलं उमटली, आणि पहाटेपर्यंत पाऊसही पडून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोरगी डाव्या वाटेने गेल्यावर जुन्या दगडखाणीचा जो कडा लागतो, त्याच्या खाली सापडली. तोवर तिचं सगळं संपलेलं होतं.

पथकाच्या कॅप्टनबाईंनी प्रत्येक मुलीला वेगळं बसवून विचारलं. त्यांचे डोळे रडून सुजले होते. "फाट्यावर खुणा होत्या की नव्हत्या? आठवून सांग, बाळ."

"खुणा होत्या," ही म्हणाली.

दोनच शब्द. ते बोलेपर्यंत आपण खोटं बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. फाटा ओलांडताना तिच्या तुकडीतल्या बाकीच्या मुलींनीही बाण पाहिला होता, त्याही होत्याच म्हणाल्या, आणि त्या खरं बोलत होत्या. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण उरलं नाही. खुणा होत्या, पोरीला चष्मा नव्हता, दिसल्या नाहीत. गाव हळहळलं आणि हळूहळू आपल्या कामाला लागलं. हिला त्या वर्षी मागाचा बिल्ला मिळाला. तिने तो कालव्यात टाकला आणि आईला सांगितलं हरवला, म्हणून आईने धपाटा घातला. तो एक धपाटा तिला कमी वाटला.

पुढे पथक मोडकळीला आलं, परत उभं राहिलं. एकतिसाव्या वर्षी ही आपण होऊन त्यात शिरली. का, ते तिला स्वतःलाही धड मांडता आलं नसतं. मागे कोणीतरी चालायला हवं एवढंच तिला पक्कं माहीत होतं.

मग अकरा वर्षांपूर्वी पथकाने गुरुवारचा फेरा सुरू केला. गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी दर गुरुवारी शाळेनंतर दोन मुलं आणि एक मोठं माणूस जायचं. सामान आणून द्यायचं, दिवा बदलायचा, पत्र वाचून दाखवायचं, नळाचं वायसर गेलं असेल तर ते बसवायचं. पथकाचा अध्यक्ष बेकरीवाला होता. हाताला कायम पीठ आणि डोक्यात कायम नवी कल्पना. त्याने यादी वाचून घरं वाटली. कालव्यापलीकडच्या गल्लीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं घर आलं तेव्हा कोणी हात वर करेना, कारण जिने उंच. शेपूटताईने आपलाच हात वर गेलेला पाहिला.

पहिल्या गुरुवारी दार उघडलं ते चष्मिशच्या आईने, त्र्याहत्तर वर्षांच्या, ताठ पाठीच्या बाईने. "तू होतीस ना गं तेव्हा पथकात?" तिने विचारलं.

"होते, काकू. दुसऱ्या तुकडीत."

"हं," म्हातारी म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं. पुढे कधी तिने त्याबद्दल विचारलं नाही.

विचारलं नाही, पण बोलायची मात्र ती दर गुरुवारी. मुलं दुकानात गेली, की टेबलावरच्या मेणकापडावरून हात फिरवत सुरुवात करायची. "गुरुवारी काडी मोडली. चष्मेवाला म्हणाला, सोमवारी देतो. मी म्हटलं, या रविवारी नको जाऊस. तर रडून घर डोक्यावर घेतलं. आणि मी काय म्हणाले असेन? म्हटलं, जा बाई, पण दिसलं नाही तर सगळ्यांच्या मागे मागे चाल. सांगितल्यासारखी वागली हो माझी पोर. एकदाच काय ती वागली. मला ठेवून घेता आलं असतं. दाराला कडी लावायची फक्त. दुकानात देऊ नको, चिकटपट्टी लावून घालते म्हणत होती, तेही मी ऐकलं नाही, लोक हसतील म्हटलं."

आणि शेपूटताई कपबश्या पुसत म्हणायची, "तुमचा काय दोष, काकू."

अकरा वर्षं. प्रत्येक गुरुवारी खाली उतरताना ती ठरवायची की पुढच्या वेळी सांगायचं. पुढच्या वेळी म्हातारीला सर्दी असायची, किंवा मुलं लवकर परतायची, किंवा म्हातारी त्या दिवशी चक्क हसत असायची आणि ते हसू मोडवत नसे. कारणांचा तुटवडा तिला कधी पडला नाही. मात्र गुरुवार झाला की शुक्रवार, शनिवार मीटरच्या झाकणाखालूनसुद्धा तिला तो बारीक आवाज यायचा. झाकण उचललं की आत अंधार, ओल, फिरणारं बारकं चक्र, आणि "थांबा गं". ती आकडा चुकायची, पुन्हा वाकून बघायची. वरचा साहेब म्हणाला, आता तुम्हीच चष्मा लावा.

या वर्षी बेकरीवाल्याला नवी कल्पना सुचली. पथकाला साठ वर्षं होणार होती. त्याने सगळ्यांना दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि पोत्यांवर बसवलं. "फाट्यावर त्या मुलीच्या नावाने लोखंडी पाटी लावू. कायमची. नुसत्या तारखा नकोत, मुलांना उपयोग होईल असं काहीतरी लिहू. मजकूर तिच्या आईने सांगायचा. शेपूट... म्हणजे ताई, ते तुम्हीच करा. तुमचं त्यांच्याशी चांगलं जमतं."

म्हातारीने दोन गुरुवार विचार केला. तिसऱ्या गुरुवारी सांगितलं, आणि शेपूटताईने मीटरच्या वहीतल्या कागदावर ते उतरवून घेतलं. बेकरीवाल्याने टाइप करून आणलं. पुढच्या गुरुवारी म्हातारीची शेवटची संमती घ्यायची, शुक्रवारी सकाळी कागद अक्षरं कोरणाऱ्याकडे द्यायचा, रविवारी पाटी लागणार. म्हणजे आता पुढची वेळ म्हणायला गुरुवारच शिल्लक नव्हता.

बुधवारी संध्याकाळी तिने तो कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून वाचला. नवरा बूट काढता काढता म्हणाला, "छान लिहिलंय की. रडू येईल लोकांना."

कागदावर होतं: "मुलांनो, इथे खुणा होत्या. माझ्या मुलीला त्या दिसल्या नाहीत, कारण मी तिला चष्म्याशिवाय पाठवलं. तुम्हाला नीट दिसत नसेल तर लाजू नका, शेजारच्याला सांगा."

पहिलं वाक्य तिचं होतं. बारा वर्षांच्या तोंडातून निघालेलं, शेहेचाळीस वर्षं गावभर फिरून आता एका आईच्या सहीने परत आलेलं. ते लोखंडात कोरलं जाणार होतं आणि आपण मेल्यावरही तिथे राहणार होतं. येणारं प्रत्येक पोर ते वाचून मनात म्हणणार होतं, आईची चूक. तिने पाण्याचा नळ सोडला आणि नुसती बघत उभी राहिली. नवऱ्याने मागून येऊन नळ बंद केला.

"काय झालं?"

"मी एका माणसाचं फार वाईट केलंय," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"आधी तिला सांगते, मग तुला."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणखी विचारण्यापेक्षा तेवढंच बरं, हे त्या माणसाला कळलं, हा त्याचा मोठेपणा.

गुरुवारी तिने बरोबरच्या दोन मुलांना लांबची यादी दिली. साबण, काडेपेटी, दिव्याचा बल्ब, आणि बल्ब जिन्याखालच्या दुकानातून नको, चौकातल्या दुकानातून. मुलं खूश होऊन धावली. म्हातारीने कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती, पण तिला चष्मा लागत नव्हता, आणि त्याचाही तिला राग होता.

"ठीक आहे," म्हातारी म्हणाली. "कुठे सही करू?"

"काकू, पहिली ओळ बदलायला हवी."

"का? शुद्धलेखन चुकलंय? त्या बेकरीवाल्याला पाव सोडून काही येत नाही."

"इथे खुणा नव्हत्या," शेपूटताई म्हणाली.

म्हातारीने पेन खाली ठेवलं.

मग तिने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, शाळेत उभं राहून सांगतात तसं, दोन्ही हात बाजूला. ओढ्यापाशी तिसरी तुकडी पुढे गेली ते. आपण शेवटच्या आहोत असं वाटलं ते. नियम, बिल्ला, दगड झुडपांत फेकले, फुली उचलली, आणि कॅप्टनबाईंना काय सांगितलं ते. मी लहान होते असं ती म्हणाली नाही. रडलीही नाही, कारण रडलं तर काकूंना आपल्यासाठी पाणी आणावं लागेल असं तिला वाटलं.

म्हातारी मेणकापडाकडे बघत होती. तिने विचारलं, "म्हणजे माझी पोर फाट्यावर आली तेव्हा तिथे काय होतं?"

"काही नव्हतं. नुसत्या दोन वाटा."

"चष्मा असता तरी?"

"असता तरी, काकू. जाड काचांचा, नवा कोरा असता तरी. बघायला काही नव्हतंच."

म्हातारीच्या तोंडून एक आवाज आला. हसणं होतं की हुंदका, सांगणं कठीण. तिने तळहात तोंडावर दाबला आणि ती पुढेमागे हलू लागली. शेपूटताई एक पाऊल पुढे झाली, तर म्हातारीने दुसऱ्या हाताने तिला तिथेच थांबवलं.

"तिने हाक मारली होती?"

"माहीत नाही. मला ऐकू येते. थांबा गं म्हणते. पण तेव्हा आली होती, की नंतर यायला लागली, ते मला ठरवता येत नाही. खूप प्रयत्न केला."

"थांबा गं," म्हातारी पुटपुटली. "अशीच म्हणायची. जिन्यातसुद्धा." मग तिने मान वर केली. तिचे डोळे ओले होते, पण नजर एकदम स्वच्छ झाली होती, आणि शेपूटताईला त्या नजरेसमोर उभं राहवेना.

"किती वर्षं येतेस तू इथे?"

"अकरा."

"आणि मी चष्म्याचं किती वेळा बोलले असेन?"

"दर गुरुवारी."

"तेव्हा तू काय म्हणायचीस?"

"तुमचा काय दोष, म्हणायचे."

"म्हणायचीस. आणि कप पुसायचीस." म्हातारीने तो टाइप केलेला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि मेणकापडाखाली सरकवला. "त्या बारा वर्षांच्या पोरीचं मला काही नाही. तिला नियम शिकवला, तिने पाळला. भ्यायली, खोटं बोलली. माझीही भ्यायली असती. पण ही जी बाई अकरा वर्षं माझ्या चहात साखर घालत होती ना, ती कोण हे मला कळत नाहीये."

जिन्यात मुलांची पावलं वाजू लागली, दोघं पायऱ्या मोजत, एकमेकांना ढकलत वर येत होती.

"पाटीचं बेकरीवाल्याला मी कळवीन," म्हातारी म्हणाली. "आता जा. मुलांसमोर मला काही बोलायचं नाही."

"काकू, मी..."

"ऐक. आज मला एवढंच असू दे, की चष्म्याने काही फरक पडला नसता. शेहेचाळीस वर्षांनी हातात आलंय. एक दिवस तरी माझ्याजवळ राहू दे. उद्या मला राग येणार आहे. माझा मला माहीत आहे, फार येणार. तो मी भिंतीवर काढायची नाही. तेव्हा तू इथे समोर हवीस."

"येते."

"मुलांना आणू नकोस."

दुसऱ्या दिवशी शेपूटताईने कामावर रजा टाकली. रात्री नवऱ्याला तिने सगळं सांगितलं होतं, आणि तो तिला कालव्यापर्यंत सोडायला आला होता. पूल मात्र तिने एकटीने ओलांडला. नऊ वाजता ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. दार सताड उघडं होतं, आणि आत टेबलापाशी, दाराकडे तोंड करून, म्हातारी बसलेली होती.